जागा धरशील का जरा

सासूबाईंच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी पार पडला, त्यानंतरच्या रविवारी ओरालबेक सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणाला, की आज कुठेतरी जाऊन येऊ. कुठेही. दिवसभरासाठी.

कादिशाला कुठेही जायचं नव्हतं. तिला नुसतं बसायचं होतं. अकरा महिने तिने सासूबाईंना अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं होतं. त्यासाठी शाळेच्या भटारखान्यातली नोकरी सोडली. म्हातारी गेली, आणि मग चाळीस दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चहा, पीठ, मटण, भांडी. आता घरात कोणी उरलं नव्हतं. पण पाय सकाळी उठल्यावरच दुखायला लागत आणि झोप येऊनही उपयोग होत नसे. चौपन्नाव्या वर्षी ती भिंतीला धरून उभी राहायला शिकली होती.

ओरालबेकच्या गॅरेजमध्ये सेइल्बेक नावाचा मेकॅनिक होता. अल्माटीहून गाडीने दीड तासावर, कापचागायच्या तळ्याकाठी जे कॅसिनो आहेत, त्यांतल्या तीन ठिकाणांची नावं त्याने एका चिठोऱ्यावर लिहून दिली होती. ओरालबेक जुगारी नव्हता. सुतकातून उठून थेट कॅसिनोत गेल्याचं बहिणीला कळलं तर ती वर्षभर बोलणार नाही, हेही त्याला माहीत होतं. पण थंडीत, धुक्यात, जिथे ऊब आहे, दिवे आहेत आणि कोणी हालहवाल विचारत नाही अशी दुसरी जागा त्याला सुचत नव्हती.

त्याने चिठोरं टेबलावरच्या मेणकापडावर पसरलं. पहिला कॅसिनो मोठा, तिथे गाणीबजावणी, जेवण. पण चांगले कपडे हवेत. दुसरा टेकडीवर, नुसती टेबलं, आणि लोक उभ्याने खेळतात. तिसरा पार टोकाला, पाण्याजवळ. नाव ‘आक शागाला’, म्हणजे पांढरा समुद्रपक्षी. जुनी मशीनं, चहा फुकट, गर्दी नाही.

“खुर्च्या कशा आहेत?” कादिशाने विचारलं.

ओरालबेक हसला. “लोक कॅसिनोत नशीब बघायला जातात, म्हातारे, तू खुर्च्या बघ.” मग चिठोऱ्याच्या मागच्या बाजूला वाचून म्हणाला, “तिसऱ्याच्या चांगल्या आहेत. सेइल्बेकने लिहिलंय. त्याची बायको तिथे गेली होती, तर उठायलाच तयार नव्हती म्हणे.”

“मग तिसरा,” कादिशा म्हणाली.

रस्ताभर धुकं होतं. गवताळ माळ दिसत नव्हता, तळं दिसत नव्हतं, पुढच्या ट्रकचे दिवेसुद्धा अगदी जवळ गेल्यावर दिसायचे. भरदुपारी ते पोचले तेव्हा अंगणात चारच गाड्या होत्या. इमारत ठेंगणी, बिनखिडक्यांची. कादिशाने आपला तपकिरी कोट दारातल्या बाईकडे टांगायला दिला आणि दोघं आत गेली.

आत ऊब होती. ओल्या लोकरीचा, शिळ्या सिगारेटींचा आणि ताज्या मळलेल्या पिठाचा वास होता. हा शेवटचा वास कादिशाला जरा खटकला, पण चहाबरोबर काही तळत असतील, असं तिला वाटलं. ओरालबेक टेबलांकडे गेला. ती मशीनच्या शेवटच्या रांगेत गेली, कारण तिथे सगळ्यांत शांत होतं.

रांगेत एकच म्हातारी बसली होती. डोक्याला पांढरा रुमाल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू कामातून उठून आलेली. कादिशा शेजारी बसली. मशीनमधली चित्रं फिरत होती, थांबत होती. म्हातारीने तिच्याकडे न बघताच विचारलं, की दमलीस का गं. आणि कादिशाला काय झालं कोण जाणे, इतक्या महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं ती सांगत गेली. पाठीला झालेल्या जखमा धुणं. चादरी. नणंदेचे टोमणे. नवरा चांगला आहे, पण त्याला साधं दूध तापवता येत नाही. सासूबाईंचं अंथरूण अजून तसंच गुंडाळून ठेवलंय, त्याला हात लावायची ताकद नाही.

“कोणी दुसरीने केलं असतं तर?” म्हातारीने विचारलं.

“तर तिला सगळं देऊन टाकलं असतं,” कादिशा म्हणाली. “घर, चूल, सगळं. आणि बसून राहिले असते.”

म्हातारी उठली. गुडघे न वाजवता, तरण्या बाईसारखी उठली. “माझी जागा धरशील का जरा? मी घरी एक चक्कर टाकून येते.”

कादिशा त्या खुर्चीत सरकली. खुर्ची गरम होती. पाठीला जिथे टेकू हवा तिथेच टेकू होता, आणि पहिल्यांदा तिच्या पायांतलं दुखणं थांबलं. समोरचं बटण दाबायचं, चित्रं फिरतात, थांबतात. पुन्हा दाबायचं. डोक्यात काहीच उरलं नाही, आणि ते इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

किती वेळ गेला ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. एक पोरगी जाकीट घालून आली, तिने चहाचा पेला शेजारी ठेवला. “घ्या, आपा. नेहमीसारखा, मीठ घालून.”

आपा म्हणतात ते म्हातारीला, आणि कादिशा चहात मीठ घालत नसे. तिने तसं सांगायला तोंड उघडलं, पण पोरगी गेली होती.

मग ओरालबेक आला. रांगेच्या टोकाला थांबला, इकडेतिकडे बघितलं, तिच्याजवळ येऊन वाकला. “आपा, पन्नाशीतली एक बाई दिसली का तुम्हाला? माझी बायको. इकडेच होती.”

कादिशाला वाटलं चेष्टा करतोय. “ओरालबेक… मीच.”

त्याने कान जवळ आणला, ऐकू न आल्यासारखं. चेहऱ्यावर तेच अवघडलेलं हसू, जे तो परक्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हसायचा. “नाही दिसली म्हणता? बरं बरं. बसा तुम्ही.”

आणि तो गेला.

तिने आपले हात बघितले. तिचेच होते. मधल्या बोटावरची भाजल्याची खूणही तिथेच होती. उठायला हवं, असं तिला वाटलं… पण ते वाटणं दुसऱ्या कोणाचं असावं तितकं लांब होतं. पाय जमिनीवर होते आणि उठायची इच्छा मात्र पायांपर्यंत उतरत नव्हती. तिने बटण दाबलं. चित्रं फिरली.

ओरालबेकचा आवाज पुन्हा आला, या वेळी तिच्या पाठीमागून, आणि त्यात सुटकेचा भाव होता. “इथे होय तू? मी सगळीकडे शोधलं.”

“चल,” एक बाई म्हणाली. “दमले मी.”

तो आवाज कादिशाचा होता.

मान वळवायला तिला फार वेळ लागला. वळली तेव्हा दोन पाठी दिसल्या. एक तिच्या नवऱ्याची, डावा खांदा जरा उतरलेला. दुसरीच्या अंगावर तपकिरी कोट, थेट कादिशाच्या कोटासारखा. ओरालबेकने दार धरलं, आणि त्या बाईने आत शिरणाऱ्या धुक्याच्या उजेडात डोक्यावरचा रुमाल नीट केला. कोटाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती.

तेव्हा कुठे कादिशा उठली. उठली म्हणजे खुर्चीतून खाली पडली, गुडघ्यांवर. मुंग्या आलेल्या पायांवर ती मशीनला धरून धरून चालू लागली. चहावाली पोरगी आडवी आली, अगदी हळू आवाजात म्हणाली, “आपा… मग जागा कोण धरणार?”

“राहू दे रिकामी,” कादिशा म्हणाली.

पोरीचा चेहरा पांढरा पडला. ती त्या रांगेकडे पाठ न करता मागे मागे सरकत गेली.

दारात कादिशाचा कोट खुंटीवर होता तसाच होता. बाहेर त्यांची गाडी नव्हती. धुक्यात चाकांच्या खुणा हमरस्त्याकडे गेल्या होत्या, ती त्यांवरून चालत गेली. शहराकडे जाणारी मिनीबस मिळाली. ड्रायव्हरच्या आरशात तिने स्वतःला बघितलं. तिचाच चेहरा होता, दमलेला. वाटभर ती तो आरसा सोडून कुठे बघत नव्हती.

दिवेलागणीला ती घरी पोचली. दार ओरालबेकने उघडलं, हातात रुमाल, ओठ तुपकट. तो तिच्याकडे बघत राहिला, मग मागे वळून घरात बघितलं.

“तू… खाली कधी गेलीस?”

तिने त्याला बाजूला केलं. टेबलावर मटण होतं, पिठाच्या कागदासारख्या पातळ लाटून उकडलेल्या तुकड्यांवर पसरलेलं. कादिशाला इतकं पातळ कधी लाटता आलं नव्हतं. भांडी घासलेली. फरशी पुसलेली. आणि सज्जात, दोरीवर, सासूबाईंचं अंथरूण उसवून, धुऊन टाकलेलं. पाणी गोठून चादरी फळीसारख्या ताठ झाल्या होत्या.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ओरालबेक हसला नाही. त्याने तिन्ही खोल्या बघितल्या, कपाट उघडलं, पलंगाखाली दिवा धरला. कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती, ती त्यानेच आत्ता काढली होती. मग तो खुर्चीवर बसला आणि आठवत आठवत बोलला. गाडीत ती काही बोलली नाही, त्याला वाटलं दमली असेल. फक्त तळ्यावरच्या धरणाच्या वळणावर तिने एकदा विचारलं होतं, आपल्या घराला खोल्या किती. त्याला ती थट्टा वाटली. त्याने सांगितलं, तीन.

त्या रात्री दोघं दिवा न मालवता पडून राहिली. मटण त्यांनी टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी ओरालबेक मुल्लाला घेऊन आला, त्याने प्रत्येक खोलीत पठण केलं, चहा घेतला, आणि सज्जात मात्र गेला नाही.

पुढे काही दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी कादिशा उठली तर पीठ मळून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं. तिने ते टाकून दिलं. दोन दिवसांनी ओरालबेकचे शर्ट इस्त्री केलेले होते. ते तिने टाकले नाहीत. नवऱ्याला सांगितलंही नाही. भीती वाटायला हवी, याची ती वाट बघत होती. पण त्या आठवड्यात ती पहिल्यांदा सलग सहा तास झोपली होती, आणि पाय दुखत नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. दाराशी किल्ली फिरली. ओरालबेक बूट काढत नेहमीसारखा ओरडला, “कादिशा, चहा ठेवतेस का?”

ती ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून उत्तर गेलं.

“ठेवलाय.”

त्याच्या पावलांचा आवाज तिच्या दारावरून सरळ पुढे गेला. कादिशा उठली नाही. टेबलावर पेले ठेवल्याचा आवाज आला. एक. मग दुसरा. ती बराच वेळ तिसऱ्याची वाट बघत राहिली.