दुसरी प्रत

वीज गेली तेव्हा फोटो स्टुडिओत तिघंच होती: वहिनी, तिचा नवरा आणि त्याची धाकटी बहीण. बहिणीला घरात सगळे बडबडी म्हणत. भर दुपार होती. नव्या दिव्याचा उजेड कसा पडतो ते पाहायला तिघांनी नुकताच एकत्र फोटो काढला होता. तो संगणकात चढत असतानाच सगळं बंद पडलं.

"मी खाली फ्यूज बघून येते. तोवर शांततेची मजा घ्या," म्हणत बडबडी जिना उतरली.

वीज लगेच आली. संगणक सुरू झाला, पण एक डिस्क टकटक करू लागली. वहिनी घाबरली नाही. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जाई, तो अशाच प्रसंगासाठी. आता संगणक आजारी डिस्क बाजूला टाकणार, धडधाकट डिस्कवरची प्रत खरी मानणार आणि तिची नक्कल राखीव डिस्कवर उतरवणार. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली.

सहज म्हणून तिने धडधाकट डिस्कवरचा मघाचा फोटो उघडला. त्यात ती होती, नवरा होता. मध्ये मोकळी जागा, आणि नवऱ्याचा हात त्या जागेत अधांतरी, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

अर्धवट लिहिलेला फोटो खालून करडा पडतो. असं नेमकं एक माणूस गळत नाही.

तिने स्वतःच्या लग्नाचे फोटो उघडले. त्यातही बडबडी नव्हती.

तिने आजारी डिस्क चाळली. तिथे बडबडी होती, प्रत्येक फोटोत, तोंड उघडं, काहीतरी सांगता सांगता टिपलेली.

"अहो, बडबडी अजून वर आली नाही."

नवरा लेन्स पुसत होता. "कोण बडबडी?"

"थट्टा पुरे. तुमची बहीण."

"मला कुठली बहीण?" तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "बरं वाटत नाहीये का तुला?"

नक्कल थांबवायला तिने राखीव डिस्कची वायर पकडली. त्याने तिचा हात धरला. "वेडी आहेस का? मधेच उपटलीस तर लोकांची लग्नं, लेकरांचे फोटो, सगळं जाईल!"

पट्टी भरत आली होती.

"बडबडे!" ती जिन्याकडे तोंड करून ओरडली.

"आले, आले!" खालून आवाज आला.

वहिनीच्या जिवात जीव आला. तिने वायर सोडली.

टकटक थांबली. पट्टी भरली.

एक मुलगी धापा टाकत आत आली. "फ्यूज धड आहे हो! अख्ख्या गल्लीची वीज गेली होती. कशाला एवढं ओरडलीस गं वहिनी? मी म्हटलं, दादाला शॉकबिक बसला की काय!"

गोड चेहरा होता. वहिनीने तिचं बोलणं संपू दिलं आणि मग हसून खुर्ची पुढे सरकवली.

"या ना, बसा. पासपोर्टसाठी काढायचाय का फोटो?"