सात नंबरची गाडी

अंधेरीच्या त्या सरकारी कार्यालयात वायरलेसच्या सेटवर क्रोशाचं झाकण घातलं ते टेलिफोन ऑपरेटर शकु परबने. घरच्या रेडिओसाठी विणलेलं झाकण तिथे सैल झालं, ते इथे झकास बसलं. झाकणावर शकुचा जेवणाचा डबा असे आणि मागच्या भिंतीवर मंत्री फीत कापतानाचा फोटो. गच्चीवरच्या उंच एरियलला वॉचमनच्या बायकोने दोरी बांधली होती, तिच्यावर तिची लुगडी वाळत. उपनगरी रुग्णवाहिका वायरलेस योजनेचा जनतेला झालेला खराखुरा फायदा म्हणाल तर तेवढाच.

योजना मात्र ऐकत राहावी अशी होती. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत नव्या सात रुग्णवाहिका फिरणार, प्रत्येकीत वायरलेस, फोन आला की अंधेरीहून हुकूम सुटणार. गाड्या काही आल्या नाहीत. कोणी म्हणे चेसिस कुठल्याशा आवारात गंजतायत, कोणी म्हणे चेसिसही नाहीत. पण उद्घाटनाची तारीख आली, आणि सरकारात एक वेळ गाडी नसली तरी चालतं, तारीख हुकून चालत नाही.

अशा वेळी जो माणूस लागतो तो कार्यालयात होता. शरच्चंद्र टिपणीस, सहायक प्रकल्प अधिकारी. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत एकदा अभिनयाचं बक्षीस मिळाल्यापासून टिपणीसांना आपण सोडून बाकीचं जग पडदा ओढायच्या लायकीचं वाटे. मंत्री अडाणी, साहेब ठोंब्या, जनता म्हणजे मेंढरं. सेटच्या स्पीकरची वायर त्यांनी भिंतीतून पलीकडे स्टोअररूममध्ये नेली, तिला माईक जोडला आणि मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात स्वतः जाऊन बसले. मंत्र्यांनी बटण दाबताच स्पीकरमधून खणखणीत आवाज आला.

"सात नंबर बोलतोय. मुलुंड चेकनाका. पेशंट गाडीत घेतला. कुठे आणू? ओव्हर."

मंत्र्यांनी समोरचा माईक तोंडाशी धरला. तो निव्वळ शोभेचा, त्याची वायर टेबलामागे नुसतीच लोंबत होती. कुठल्या हॉस्पिटलचं नाव घ्यायचं ते मंत्र्यांना पढवून ठेवलं होतं, ते साफ विसरले. "शाब्बास!" एवढंच म्हणाले, माईक ठेवला आणि बटाटेवड्यांकडे वळले. टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंतीपलीकडे टिपणीस उत्तराची वाट बघत क्षणभर तसेच बसून राहिले, मग स्वतःशीच हसले. काय एकेक नग निवडून देतात लोक! संध्याकाळी त्यांनी वायर आपल्या हाताने उपटली आणि 'योजना पूर्ण, यंत्रणा चालू' असा दाखला सही ठोकून वर पाठवला.

घरी, मुलुंडच्या गव्हाणपाड्यात, त्यांच्या बायकोने पेपरात आलेला फोटो कापून ठेवला होता. सुनंदाला दमा होता, चांगला जुना आणि हट्टी. शेजारच्या मालनबाईंकडे फोन होता. त्या फोनच्या वर तिने योजनेचा नंबर चिकटवला.

"आता मला धास्ती नाही हो," ती म्हणाली. "दुपारी एकटी असताना दम लागला की काळजाचं पाणी होतं. आता गाडी येईल ना?"

"येईल की," टिपणीस म्हणाले. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो निर्धास्तपणा बघून त्यांना तिचीही कीवच आली. हिलाही खरंच वाटलं, म्हणजे प्रयोग रंगला होता.

मग एका दुपारी, शकु हात धुऊन येते तोच सेटवरचा तिचा रिकामा डबा थरथरायला लागला.

"सात नंबर बोलतोय. घाटकोपर, पंतनगर. म्हातारे गृहस्थ, धोतर, हातात दुधाची बाटली. गाडीत घेतलं. कुठे आणू? ओव्हर."

टिपणीस समोरच्या टेबलावर पान लावत होते. शकुने एकदा सेटकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"ह्यो तुमचोच आवाज," ती म्हणाली. "तुमी हंयसर, मगे थंय कोण बोलता?"

टिपणीस तडक स्टोअररूमकडे गेले. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. त्यांनी सेट फिरवून बघितला. मागे वायर नव्हती आणि प्लग सॉकेटबाहेर लोंबत होता. चावटपणा, ते म्हणाले. नाट्यस्पर्धेत हरलेल्यांपैकी कोणीतरी असणार, नक्कल बरी जमलीय पण 'ओव्हर'ला दम कमी पडतो. शकुने डबा तिथून उचलला आणि पुन्हा कधी सेटवर ठेवला नाही.

त्यानंतर वनमाला नावाची एक बाई कार्यालयात आली. पंतनगरात राहणारी, शाळेत शिकवणारी. तिचे वडील दूध आणायला गेले होते. नाक्यावर त्यांना चक्कर आली, पांढरी गाडी आली, वर सात आकडा होता, आणि ते तिच्यात बसून गेले. त्यानंतर कुठल्याही हॉस्पिटलात त्यांचा पत्ता नव्हता.

"आतून कोणीतरी फार गोड बोललं म्हणे," वनमाला म्हणाली. "बाबा तसे कोणाचं ऐकत नाहीत, पण लगेच चढले. तुमची गाडी त्यांना कुठे घेऊन गेली, एवढंच सांगा."

अशी गाडी नाहीच बाई, हे साधं उत्तर होतं. पण गाडी आहे असं खुद्द मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं होतं, आणि ते ज्या दाखल्यावर विसंबून सांगितलं तो टिपणीसांच्या सहीचा होता. गाडी नाही म्हटलं की नोकरीच नाही.

"चौकशी चालू आहे," ते आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले. "लेखी अर्ज द्या."

वनमाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही नाटकात वगैरे काम करता का?"

तिच्यामागून आणखी लोक आले. कोणाची आई बाभई नाक्यावरून गेलेली, कोणाचा भाऊ मरोळहून. ते येण्याच्या आधी सेट बोललेला असे. ठिकाण, माणूस, अंगावरचे कपडे, आणि शेवटी तोच प्रश्न, कुठे आणू? उत्तर द्यायला त्या माईकची वायर कशालाच जोडलेली नव्हती. चौकशी चालू आहे, टिपणीस सांगत. लोक व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसत. सरकारी बाकावर बसायची आपल्या माणसाला मुळी सवयच असते. उपसंचालक घारपुरेसाहेब येता-जाता ती गर्दी बघून खूश होत. योजनेला प्रतिसाद चांगला आहे म्हणत.

एकदा टिपणीस मालनबाईंच्या फोनवरचा तो नंबर खरवडून काढायला लागले, तेव्हा सुनंदाच आडवी आली. "राहू द्या हो. तेवढाच आधार."

आणि विधिमंडळाची समिती पाहणीला आली.

घारपुरेसाहेबांनी क्रोशाचं झाकण खणात कोंबलं. बटाटेवडे मांडले. टिपणीसांनी स्टोअररूममध्ये बसायला साफ नकार दिला होता, दुरुस्ती चालू आहे म्हणून वेळ मारून नेऊ असं ठरलं होतं. सभ्य गृहस्थासारखे हात बांधून ते समितीच्या मागे उभे राहिले. अध्यक्षांनी खुर्ची ओढली, सेटकडे बोट केलं आणि विचारलं, "हे चालतं का?"

"सात नंबर बोलतोय," सेट म्हणाला.

घारपुरे हबकले, मग त्यांचा चेहरा फुलला.

"मुलुंड, गव्हाणपाडा. बाई, एकट्या होत्या. दम लागलाय. निळं पातळ. गाडीत घेतलं. कुठे आणू? ओव्हर."

सकाळी टिपणीस निघाले तेव्हा सुनंदा निळ्या पातळात खिडकीशी वाकून बसली होती. हवा कुंद होती.

त्यांनी शकुच्या टेबलावरचा फोन ओढला. मालनबाईंनी लगेच उचलला. "आत्ताच गेली हो गाडी! नंबर फिरवायच्या आधीच दारात उभी. आत कोण होतं ते दिसलं नाही, पण आवाज अगदी तुमचा. सुनंदा म्हणाली, ह्यांनीच पाठवली असणार."

टिपणीस समितीकडे वळले.

"गाडी नाही!" ते ओरडले. "साहेब, एकही गाडी नाही! दाखला खोटा आहे, सही माझी आहे, उद्घाटनाला आवाज मी काढला होता!"

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं. मग सेटकडे.

"अहो, गाडी नाही तर बोलतंय कोण?"

"नाटकात काम करतात आमचे टिपणीस," घारपुरे घाईघाईने म्हणाले. "जरा हौशी आहेत."

सगळे हसले. बाकावरची माणसं दाराशी येऊन उभी होती, त्यांच्यात वनमाला होती. ती हसली नाही.

अध्यक्षांनी माईक उचलला. "शाब्बास!" म्हणाले आणि खाली ठेवला. वड्यांच्या बशा फिरल्या.

टिपणीसांनी माईक हिसकावला. जवळचं हॉस्पिटल सांगितलं. मग दुसरं सांगितलं. मग त्यांना ठाऊक होती तेवढी सगळी हॉस्पिटलं ते एकामागून एक ओरडत राहिले. माईकची सुटी वायर त्यांच्या गुडघ्यावर आपटत होती.



सेटमधून नुसती इंजिनाची घरघर येत होती. तिच्यामागे खोकल्याची बारीक ढास.

"कुठे आणू?" त्यांच्याच आवाजाने पुन्हा विचारलं.

मग सुनंदा बोलली. धाप लागलेली, पण समजुतीने, गाडीवाल्याला.

"सांगतील हो. आमचे हे तिथेच असतात."