हात वर

आमच्या कामात एक नियम आहे. खाली उभ्या माणसानं दोन्ही हात वर केल्याशिवाय पेटी सोडायची नाही. ड्रोनखाली दोरीला लटकलेल्या त्या पेटीत बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र असतं. एकाला वाचवायला गेलो आणि दुसऱ्याचं डोकं फोडलं, असं व्हायला नको. मी इस्पितळात पडद्यासमोर बसून ड्रोन उडवतो. आई त्याला ‘तुझा डास’ म्हणते.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या घरून फोन आला. अंगणात पिवळा स्वेटर घातलेले एक आजोबा हात वर करून उभे होते. मी पेटी सोडली. थोड्या वेळानं घड्याळजींची सून फोनवर ओरडली, “अहो, पाठवताय की नाही?”

“बाहेर आजोबांनी घेतली ना? पिवळ्या स्वेटरवाल्या?”

“त्याच स्वेटरची बटणं काढतेय मी. ते इथं जमिनीवर आहेत.”

पेटी पायरीपाशी सापडली, पण तोवर उशीर झाला होता. “डोळे तपासून घे,” फोन घेणारी नर्स मला म्हणाली. मी हसण्यावारी नेलं खरं, पण जेवण गेलं नाही. त्यानंतर प्रत्येक उड्डाणात मी आधी चेहरा बघायचो.

मग एका दुपारी फोनवर ताईचा आवाज आला. “आई पडलीय! श्वास नाही!”

“छाती दाबत राहा, थांबू नका,” नर्स तिला सांगत राहिली. मी ड्रोन सोडला. वाट तोंडपाठ असूनही संपत नव्हती. शेवटी आमची पाण्याची टाकी दिसली, वाळत घातलेले कपडे दिसले, कुंड्या दिसल्या.

अंगणात निळ्या गाऊनमध्ये आई उभी होती. दोन्ही हात वर.

“ताई, आई कुठंय?”

“माझ्या हाताखाली! काय विचारतोयस?”

“अरे, सोड ना,” नर्स पडद्याकडे बघत म्हणाली. “हात वर आहेत की त्या बाईंचे.”

माझं बोट बटणावर होतं.

“ताई, तू बाहेर ये.”

“आईला सोडून?”

“ये म्हणतो ना!”

दार उघडलं. ताई धावत अंगणातल्या आईच्या अगदी जवळून गेली. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

तिनं हात वर केले. मी पेटी तिच्याकडे सोडली.

फोनवर यंत्र बोललं, “दूर व्हा.”

मग आईचा खोकला ऐकू आला. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. मान वर केली तेव्हा अंगणातली आई तशीच उभी होती, ड्रोनकडे बघत. मी तो घाईघाईनं परत वळवला.

आई खडखडीत बरी झाली. आज तपासणीला आली होती, तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसली. सरावाचं उड्डाण चालू होतं.

“आपलं घर दाखव की तुझ्या डासातून.”

मी टाळाटाळ केली, पण आईपुढे कुणाचं चाललंय? टाकी आली, कपडे आले, कुंड्या आल्या. मग निळा गाऊन.

मी पडदा बंद करायला गेलो. आईनं माझं मनगट धरलं.

“अजून उभीच आहे बिचारी,” ती हळहळली. “हात भरून आले असतील रे तिचे. देऊन टाक ना तिला ती पेटी एकदाची.”

आणि ती स्वतःचे दंड चोळू लागली.