मेंढीच्या मानेतलं यंत्र

भूमजवळच्या शेडमध्ये धनाजी पडला होता. कोयत्यानं डोकं फुटलेलं, दोन्ही हातांवर खोल वार. शेवटपर्यंत झुंजला असावा. शेजारी मेंढीची मान चिरून आतलं यंत्र उपटून नेलेलं. उत्तरेश्वरानं नाकाला रुमाल लावला. पोलिसातली नोकरी सोडून तो खाजगी तपास करणाऱ्या दैवशालाबाईंकडं आला होता, पण रक्ताची सवय त्याला कधी झालीच नाही.

त्यांना बोलावलं होतं निकितानं, धनाजीच्या सहकारी इंजिनिअरनं. पोलिसांनी मेंढपाळ दगडोबाला उचललं होतं, आणि तिला ते पटत नव्हतं.

सास्तूरच्या धनाजीनं उमेदीची सगळी वर्षं शरीरात बसवायच्या या यंत्रापायी घालवली, असं तिनं सांगितलं. हृदयाचे ठोके ते बिनतारी बाहेर कळवायचं. बॅटरी बदलायला रोग्याला पुन्हा चिरावं लागू नये, म्हणून त्यात बॅटरीच नव्हती. कातडीवर बाहेरून चकती दाबून धरली, तरच ते जागं व्हायचं. चाचणीसाठी ते दगडोबाच्या मेंढीत बसवलं होतं, आणि अलीकडं ते आत तापतंय, अशी धनाजीला शंका होती.

कोठडीत दगडोबाचा चेहरा मारानं सुजला होता. कोयता त्याचाच, शेडमध्ये टांगलेला असायचा.

"म्या वढ्याला मेंढरं पाजीत व्हतो, बाई. माज्या मेंढराची मान म्या चिरीन व्हय?"

धनाजीच्या कंपनीतला भागीदार युवराज विक्री सांभाळायचा. त्यानं मोबाइलवर ठोक्यांचा आलेख दाखवला. दिवस मावळताना मेंढीचे ठोके उसळले, मारामारी संपेपर्यंत तसेच राहिले, मग थांबले. आपण तेव्हा सोलापुरात लग्नात होतो, असं तो म्हणाला. लग्नातल्या लोकांनीही दुजोरा दिला. हा सुटला, असं उत्तरेश्वराला वाटलं.

दैवशालाबाईंनी युवराजला आणि निकिताला शेडमध्ये बोलावलं.

"युवराज, मारामारी चालू असताना मेंढीच्या मानेवर चकती कोणी धरली होती?"

युवराजनं मोबाइल खिशात घातला.

"धनाजीचे हात वार अडवत होते. मारणाऱ्याच्या हातात कोयता होता. म्हणजे हा आलेख त्या वेळचा नाहीच. जुन्या चाचणीचा आहे, तारीख तुम्ही बदललीत. यंत्र विकायला निघालात, पण ते चालतं कसं हे समजून घेतलं नाहीत. खून मावळतीला झाला, हे फक्त हा आलेख सांगतो. तो खोटा, म्हणजे तुम्ही आधी खून करून लग्नाला गेलात. आणि यंत्र दगडोबाच्या काय कामाचं? ते तापतं हा पुरावा तुम्हालाच लपवायचा होता."

युवराजनं कोपऱ्यातली पहार उचलून निकितावर घातली. उत्तरेश्वर मध्ये पडला. खांद्याचं हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. तरी त्यानं दुसऱ्या हातानं युवराजची मानगूट धरून त्याचं तोंड खांबावर आपटलं, दोनदा.

"पहिल्या रोग्याचं, कमलबाईंचं, ऑपरेशन ठरलं होतं," युवराज रक्त थुंकत म्हणाला. "धनाजी ते रद्द करायला निघाला होता."

त्याच्या गाडीत यंत्र सापडलं. त्याला काळं, करपलेलं मांस चिकटलं होतं. निकितानं ते पाहिलं आणि दवाखान्याला फोन लावला.

"कमलबाईंना टेबलावर घेऊ नका," ती म्हणाली. "त्यांना घरी पाठवा. आमचं यंत्र अजून तयार नाही."