जांभळाची सोय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. मी फक्त एवढंच सांगते की ही घटना माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडली आहे, आणि ते घर आजही परळमध्ये आहे.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. सगळं दिवसाउजेडी घडलं. दुर्दैवाने.

माझी मालनमावशी सोसायटीची सेक्रेटरी. हे पद कुणालाच नको होतं म्हणून तिच्या गळ्यात पडलेलं. घरात मावशी, दत्तारामकाका आणि त्यांची मुलगी श्रेया. दुसरा मजला, मागच्या बाजूची गॅलरी. आणि गॅलरीला अगदी खेटून उभं असलेलं एक जुनं, प्रचंड जांभळाचं झाड.

झाड इमारतीवर रेललं होतं. मुळांनी मागची भिंत फोडली होती. एक फांदी कुणाच्या तरी स्कूटरवर पडली, आणि मग मीटिंगमध्ये सगळे मावशीवर तुटून पडले. आवारातलं झाड म्हणजे जबाबदारी सोसायटीची, आणि सोसायटी म्हणजे मावशी!

मावशी स्वभावाने कायद्याची. बाजूच्या इमारतीने एका रविवारी गुपचूप झाड पाडलं होतं, तसलं काही तिला जमणार नव्हतं. तिने पालिकेत अर्ज केला. माणूस येऊन झाड बघून गेला. खोडावर नोटीस लागली. कुणाची हरकत आली नाही, आणि शेवटी परवानगी मिळाली.

एका अटीवर. झाड तोडायचं, तर नवीन लावायचं आणि ते जगवायचं.

आता लावणार कुठे? आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि त्यावर गाड्या. परळमध्ये माणूस एक वेळ किडनी देईल, पार्किंग देणार नाही. शेवटी मावशीने निळा ड्रम आणला, त्यात माती भरली, जांभळाचं रोप लावलं आणि ड्रम स्वतःच्याच गॅलरीत ठेवला.

तात्पुरता. असं ती म्हणाली होती.

तोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरचे कुशाबाकाका वर आले. मूळचे मालवणकडचे, सगळी हयात गिरणीत गेलेली. ते म्हणाले, पालिकेला विचारलंत ते ठीक, पण झाडाला कुणी विचारलं का? गावाकडे मोठं झाड तोडण्याआधी गाऱ्हाणं घालतात. झाडावर जो कोणी वस्तीला असेल त्याला सांगायचं, बाबा, उद्या हे तोडणार आहोत, तू अमुक ठिकाणी जा.

मावशीला त्यात गैर काही वाटलं नाही. चार शेजारी जमले. खोडापाशी नारळ ठेवला. कुशाबाकाकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... ह्या झाडार जो कोण असशीत, तेका आज आमी सांगतव. उद्या ह्या झाड तोडूचा आसा. तुजी सोय..."

ते थांबले. मागे वळून मावशीला हळूच विचारलं, "सोय खंय केल्यात?"

गावात असते तर डोंगरावरचं, हद्दीबाहेरचं एखादं झाड सांगितलं असतं. इथे परळमध्ये कुठलं सांगणार?

मावशी पटकन बोलून गेली, "आमच्या गॅलरीत आहे ना काका. ड्रममध्ये."

आणि ओघात असलेले कुशाबाकाका तेच म्हणाले.

"...तुजी सोय मालनच्या गॅलरीत केलेली आसा. थंय जा, आणि सुखान रव."

"होय म्हाराजा," सगळे एका आवाजात म्हणाले.

आणि सगळे गप्प झाल्यावर... वरून, पानांतून... आणखी एक आवाज तेच म्हणाला.

मावशीला वाटलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी मस्करी केली. कुशाबाकाकांचा चेहरा मात्र उतरला होता. ते तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी झाड पडलं. मागच्या सगळ्या घरांत लख्ख ऊन आलं. शेजारची सलोनी हसत म्हणाली की आता घरात गॉगल लावून फिरावं लागेल.

मावशीच्या गॅलरीत मात्र... सावलीच राहिली.

वर मोकळं आकाश, समोर काही नाही. तरी भर दुपारी तिला ट्यूबलाईट लावावी लागायची. कावळे सलोनीच्या ग्रिलवर बसायचे, मावशीच्या ग्रिलवर एकही नाही. आणि वारा नसताना सळसळ ऐकू यायची.

ड्रममधल्या रोपाला जेमतेम मूठभर पानं होती.

आवाज मात्र हजारो पानांचा होता.

त्याच सुमारास श्रेयाचं लग्न ठरलं, आणि दाराची भानगड सुरू झाली. श्रेया घरी नसताना मावशी आणि काका दादरचा हॉल बघायला निघाले, तर दार उघडेना. कडी निघाली, लॅच फिरला, दार ढिम्म. काका पाणी प्यायला आत वळले, तसं मावशीच्या हाताने ते अलगद उघडलं. दोघं बाहेर पडायला गेले, तर तिच्या तोंडावर ते पुन्हा बंद झालं. शेवटी हॉल बघायला ती एकटीच गेली.

सुताराने दाराला रंधा मारून दिला. दमट हवेने फुगलंय म्हणाला. मावशी-काकांनाही ते पटलं, कारण लग्नघरात दाराचा विचार करायला वेळ कुणाला असतो?

लग्नाच्या आदल्या दिवशी काका आणि श्रेया सामान घेऊन हॉलवर गेले. मावशी सकाळी येणार होती. कन्यादानाला जोडीने बसायचं, म्हणून काकांच्या उपरण्याशी गाठ बांधायचा शेलाही तिने पिशवीत घेतला.

सकाळी नऊवारी नेसून ती दाराशी आली.

कडी निघाली. लॅच फिरला.

दार उघडलं नाही.

तिने ओढलं. परत ओढलं. पायाचा जोर लावून ओढलं. बाहेरून सलोनी आणि तिच्या नवऱ्याने धक्के दिले. दार नव्हे, ती जणू भिंत होती.

मग मागे... कुरकुर झाली. जाड फांदीवर कुणीतरी बसल्या जागी कूस बदलावी तशी.

मावशीने वळून पाहिलं. गॅलरीतली सावली उंबऱ्यावरून आत आली होती. बाहेरच्या खोलीच्या फरशीवर पानांची नक्षी हलत होती. आता ती सोफ्यापर्यंत आली... आता टीपॉयपर्यंत...

फोन वाजला. श्रेया होती. "आई, निघालीस ना? गुरुजी विचारतायत."

मावशीला रडू फुटलं. तिने फोन खाली ठेवला आणि त्या काळोख्या गॅलरीकडे बघून हात जोडले. "माझ्या एकुलत्या एक मुलीचं लग्न आहे. मला जाऊ दे."

सळसळ थांबली.

काहीतरी कान देऊन ऐकत होतं.

आणि मग पुन्हा सुरू झाली, आधीसारखीच.

तेवढ्यात दाराबाहेरून कुशाबाकाकांचा आवाज आला. "मालन, जागा द्येवची असता ती हद्दीच्या भायर. मिया घरात दिलंय. चूक माजी आसा. दत्तारामाक बोलाव. घर रिकामा सोडून झाडावरचो तुका जावक देवचो नाय."

दत्तारामकाका टॅक्सी करून दादरहून धावत आले. अंगावर लग्नाचा सदरा. त्यांनी दाराला नुसता हात लावला... आणि दार उघडलं.

नवरा-बायको उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. काकांना सगळं कळलं. ते आत आले आणि तिला हाताला धरून बाहेर केलं.

"तू जा. लग्नात आई पाहिजे," ते म्हणाले. "बापाला बरं वाटत नाही म्हणून सांग."

श्रेयाचं कन्यादान माझ्या आईबाबांनी केलं. मावशी मागे उभी होती, शेल्याची घडी हातात घट्ट धरून. मी तिच्या शेजारीच होते. अख्ख्या लग्नात तिने एकदाही डोळे पुसले नाहीत, नुसती दाराकडे बघत होती.

दुपारी ती धावतपळत घरी आली. काका गॅलरीत फरशीवर मांडी घालून बसले होते, ड्रमला टेकून. ओठ आणि जीभ जांभळीगर्द. त्यांच्याभोवती जांभळाच्या बिया पडल्या होत्या.

डिसेंबर महिना होता.

"घर एकटं ठेवायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं आहे," काका शांतपणे म्हणाले.

तुम्ही म्हणाल, ड्रम फेकून द्यायचा. त्यांनी तो खाली आवारात नेऊन ठेवला होता. सावली गॅलरीतच राहिली आणि दार होतं तसंच अडायचं. त्यात रोप मेलं तर काय होईल या भीतीने तो परत वर आणला. घर विकायचं तर शेवटचा माणूस बाहेर पडणार कसा? म्हणून गेली दोन वर्षं एक बाहेर, तर एक आत. शेजारचं कुणी किंवा सासरची झालेली श्रेया आत बसली, तरी चालत नाही. दोघांनी मिळून लेकीचं सासरसुद्धा पाहिलेलं नाही.

कुशाबाकाकांनी मरण्यापूर्वी एक उपाय सांगितला होता. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं आणि दुसरी जागा द्यायची. पण एकदा घर दिलं की पुढची जागा बेवारस चालत नाही. ज्याच्या दारात झाड आहे, त्याने स्वतः समोर उभं राहून होकार द्यावा लागतो. तेव्हा मावशीने कानाला हात लावले. आपलं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात मारणार नाही, म्हणाली. ती तशीच आहे. माझ्या आईच्या आजारपणात मला तिनेच सांभाळलं.

आता काकांच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं आहे. डॉक्टर घाई करतायत, काका पुढच्या महिन्यावर ढकलतायत. कारण ते अॅडमिट झाले की मावशी आत एकटी. आणि ते परत आलेच नाहीत... तर ती कायमची आत.

परवा दुपारी मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. तिच्या मागे सळसळ ऐकू येत होती.

"तुमच्या गिरगावच्या घरामागे तो बदाम आहे ना अजून?" तिने विचारलं. "की तोडला?"

मी म्हटलं, आहे.

"बरं," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. रडत होती बहुतेक.

बदामाच्या फांद्या आमच्या खिडकीला लागतात. त्या खिडकीत माझी मुलगी अभ्यासाला बसते. मावशीला काय सांगू, मला खरंच कळत नाही. आज सकाळपासून तिचे चार फोन येऊन गेले. मी एकही उचललेला नाही.