स्थळाचा फोटो आणि तीन लेन्स

धारूरच्या किल्ल्यावर मी खंड्या पक्ष्याचा फोटो काढायला गेले होते, नवरदेवाचा नव्हे. पण खंड्या काही आला नाही... आला तो योगीराज, कडक इस्त्रीच्या आकाशी शर्टात, घामाघूम. आणि त्याच्या मागून त्याची आत्या मंजुळाबाई, चढाला नावं ठेवत.

त्यांनी ठरवलेल्या फोटोग्राफरनं ऐनवेळी टांग दिली होती. लातूरच्या एका मुलीकडं बायोडाटा जायचा होता, आणि त्यांना फोटो आजच हवा होता. आत्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला, नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आम्ही त्यांच्यातलेच निघालो म्हटल्यावर हक्कानंच म्हणाल्या, ‘‘अपेक्षा, काढ गं बाई याचा एक. मागं दरवाजा सगळा दिसू दे.’’ आणि गुडघे धरून सावलीत बसल्या.

माझ्याकडं तीन लेन्स होत्या. सगळा दरवाजा हवा म्हणून मी रुंद लेन्स लावली. बायोडाटाच्या फोटोत चेहरा मोठा पाहिजे, म्हणून त्याला अगदी जवळ उभं केलं. तिथंच घोळ झाला. रुंद लेन्स जवळचं आणखी मोठं करून दाखवते. दरवाजा देखणा आला, पण आधी नाकच दिसत होतं.

तो स्क्रीनवर वाकला. त्याच्या शर्टाला उन्हाचा वास येत होता...

‘‘हे माझंच हाय का?’’

‘‘लेन्सची करामत हाय. तुमचं चांगलं हाय.’’

‘‘चांगलं?’’

मी पिशवीत डोकं घातलं. उगीचच.

मग तो लेन्सबद्दल विचारत बसला. मी सांगितलं, ही लांबवरची पक्ष्यांसाठी, हिनं तुमचा फोटो काढायचा तर मला पार त्या बुरुजावर जावं लागेल. तो म्हणाला, एवढ्या लांब नको. सिरसाळ्यात त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला तो आधी जमीन कशी आहे ते विचारतो, मग बियाणं देतो. मी आधी काय बघते, असं त्यानं विचारलं. उजेड, मी म्हणाले. बोलता बोलता ढग आले, सीताफळाची झुडपं गर्द हिरवी झाली, आणि तो हसला.

मला तो आवडला. सरळच सांगते, लई आवडला.

आणि त्याच क्षणी मनात पाप आलं. आत्यांनी चष्मा लावून तो नाकाचा फोटो झकास ठरवला होता, कारण दरवाजा अख्खा होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. लातूरकरांनी आपणहून नकार कळवला असता...

पण तो बिचारा पुन्हा कॉलर नीट करून उभा होता. मला जमेना. मी तिसरी लेन्स लावली, चेहऱ्यांसाठीची, आणि आठ-दहा पावलं मागं गेले. दरवाजा गेला. उरला फक्त तो, आणि मागं विरघळलेली हिरवाई.

‘‘माझ्याकडं बघा.’’

‘‘मघापासून दुसरं काय करतोय?’’

मी बटण दाबलं. फोटो इतका सुंदर आला की माझा मलाच राग आला. हा पाहून कोणती मुलगी नाही म्हणेल?

मी फोटो मोबाइलवर घेतला आणि कोरड्या आवाजात विचारलं, ‘‘लातूरचा नंबर सांगा, पाठवते.’’

त्यानं नंबर सांगितला नाही. फोटो बघत राहिला.

‘‘आत्याला पहिलाच पसंत होता. मग हा कशापायी काढला?’’

‘‘तो पाहून लातूरकरांनी न्हाई म्हटलं असतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग मला... बरं वाटलं असतं. म्हणून काढला. तुमचं नुकसान करून मला बरं वाटायला नको.’’

बोलून गेले आणि कान तापले. सावलीत आत्यांनी पदरानं वारा घेणं थांबवलं होतं. योगीराज पुढं आला. आवाज अगदी हळू.

‘‘तुमच्याकडं स्थळं कोण बघतं?’’

‘‘...मामा.’’

‘‘मग हा मामांच्या नंबरवर पाठवा.’’

लातूरच्या लोकांना आता काय तोंड दाखवू, असं आत्या विचारत होत्या, पण त्यांचं तोंड हसरं होतं. मी मामाला फोटो पाठवला. खाली नीट लिहिलं — स्थळ सिरसाळ्याचं आहे. मुलीला पसंत आहे.