नाव कमी

नारायणरावांच्या पसंतीला उतरेल अशी मालिका अजून कुणी काढलीच नाही, असं त्यांची बायको सौदामिनी सगळ्या भोरला सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मालिकेला ते दोन भाग द्यायचे. दोन भागांत नापास झाली की संपलं, मग शेजारपाजारचे कितीही वाखाणोत. बाई भरजरी साडीत झोपली, नापास. रिकाम्या कपातला चहा नट फुंकर मारून प्यायला, नापास. एकीनं दुसरीच्या थोबाडीत मारली आणि घरातल्या अकरा जणांची तोंडं तीन-तीनदा दाखवली, की टीव्ही बंद करून ते व्हरांड्यात जाऊन बसायचे. पुतण्या विराजनं पुण्याहून येऊन नव्या धर्तीच्या मालिका लावून दिल्या, तर त्यात अंधारात काही दिसेना आणि उजेडात नुसत्या शिव्या. ऐतिहासिक मालिकेतला गड बघून तर त्यांनी कपाळाला हात लावला. बावीस वर्षं तोरण्याच्या पायथ्याशी नोकरी केलेल्या माणसाला मंगल कार्यालयासारखा गड दाखवून कसं चालेल?

नोकरी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत, पुरवठा शाखेत. काम एकच, रेशनकार्डावरची नावं वाढवायची आणि कमी करायची. मूल झालं, नाव वाढवा. मुलगी नांदायला गेली, म्हातारं माणूस गेलं, नाव कमी करा. तांबड्या शाईची एक सरळ रेघ, बाजूला तारीख आणि सही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ही भाषा त्यांच्या जिभेवरून गेली नव्हती. मालिकेतलं एखादं पात्र डोक्यात गेलं की ते खुर्चीतूनच हुकूम सोडायचे, "ह्याचं नाव कमी करा."

सौदामिनी शेजारी पावटे सोलत बसायची आणि मालिका बघायची कमी, बोलायची जास्त. आता हा तिला फसवणार, हिचा ब्लाउज कालच्या भागात निळा होता, शेजारच्या शिवानीकडे पाहुणे आलेत, सगळं एका दमात. नारायणराव वैतागायचे. पण तिची बडबड जरा थांबली की मान वळवून बघायचे, हेही खरं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी प्रेमाचा एक शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. मान वळवणं तेवढं जमायचं.

ती मालिका त्यांना दिवाळीनंतर सापडली. संध्याकाळी सहाला चॅनेल बदलत बदलत ते पार शेवटापर्यंत गेले, तर तिथे एक घर दिसलं. नाव नाही, जाहिरात नाही, संगीत नाही. काजळी धरलेली भिंत, चूल, आणि घरातली पाच माणसं. म्हातारी ठकुबाई, तिचा नवरा, मुलगा पप्पू, सून आणि लग्नाची मुलगी प्रेरणा. भाकरी भाजायची, पाच ताटं मांडायची, दोन शब्द बोलायचे, जेवायचं. कपात खरा चहा होता. तव्यावर भाजलेलं सुनेचं बोट दुसऱ्या दिवशीही तसंच फोड आलेलं होतं. नारायणरावांनी खुर्ची पुढे ओढली. सलग आठ दिवस त्यांनी एक खोट काढली नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवून आणू का, असं सौदामिनीनं विचारून घेतलं.

नवव्या दिवशी मात्र तो पप्पू हसला. मान मागे टाकून, उचकी लागल्यासारखा. असं कुणी हसतं का? नुसता अभिनय. "ह्याचं नाव कमी करा," नारायणराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठकुबाईनं पाच ताटं काढली, एक परत फळीवर ठेवलं आणि चार मांडली. दवाखाना नाही, हार घातलेला फोटो नाही. पप्पू कुठे गेला, कुणी विचारलंसुद्धा नाही.

नारायणराव खूश झाले. याला म्हणतात लेखन, त्यांनी बायकोला समजावलं, गेला तो गेला, उगाच खुलासे नाहीत. सौदामिनीचे हात पावट्यांवर थांबले होते. "अहो, पण ती आई आहे ना त्याची?" एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात म्हातारा गेला. तो चहाचे भुरके मारायचा. तुम्ही काय वेगळं पिता, असं सौदामिनीनं हसून म्हणेपर्यंत नारायणरावांच्या तोंडून हुकूम सुटला होता. मग सून चुलीपुढे बसून रडायला लागली, एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. नारायणरावांना रडारडीचा मनापासून तिटकारा. पाचव्या दिवशी ताटं दोनच मांडली गेली.

आपली आणि लेखकाची आवड जुळते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती पुरती पटली नव्हती, पण इतकी चांगली मालिका सोडवतही नव्हती. एका संध्याकाळी सौदामिनी बराच वेळ गप्प बसली, म्हणून त्यांनी मान वळवली.

"जेवणाआधी त्या दोघी थांबतात बघा," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही काय म्हणताय त्याची वाट बघतात. आणि ती म्हातारी आज माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटते. बंद करा ते."

त्यांनी बंद केलं नाही. उलट त्या दिवशी त्यांना मागची खिडकी दिसली. खिडकीत तोरणा होता, झुंजार माचीचं टोक डाव्या हाताला. भिंतीवरचं कॅलेंडर वेल्ह्याच्या बाजारातल्या एका किराणा दुकानाचं. तोरणा असा कुठून दिसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथून.

चार दिवसांनी कचेरीतल्या मानसिंगचा निरोप समारंभ होता. मानसिंग त्यांच्या हाताखाली तयार झालेला, जाणं भाग होतं. निघताना सौदामिनीनं स्वेटर दिला आणि सहाच्या आत या, मी एकटी ते लावणार नाही, असं दोनदा बजावलं. नसरापूरला एसटी बदलून ते दुपारी वेल्ह्यात पोचले. भाषणं झाली, नारळ झाला. साडेचारला परतीची गाडी लागली होती. नारायणराव तिच्यात चढले नाहीत. ते वस्तीची वाट चढायला लागले.

घर सापडायला वेळ लागला नाही. हिरवं दार, आत चूल, फळीवर उपडी घातलेली तीन ताटं. चुलीपुढे ठकुबाई, तिच्याशेजारी प्रेरणा.

"या भाऊसायेब," ठकुबाई म्हणाली. "बसा. सुरू व्हायचंच हाय."

त्यांनी विचारलं, घरातली बाकीची माणसं कुठे आहेत? ठकुबाईनं खुंटीवरच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. पाच नावं. त्यांतल्या तीन नावांवर तांबड्या शाईची रेघ, बाजूला याच महिन्यातल्या तारखा. रेघा सरळ होत्या. सही त्यांची होती.

"पप्पूचं हसनं तसंच व्हतं, भाऊसायेब," ठकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पाळन्यात व्हता तवापासनं."

नारायणरावांनी कार्ड मिटलं. ते पाटावर बसले.

चुलीच्या समोरच्या भिंतीला टीव्ही होता. आजवर तो त्यांना दिसला नव्हता, कारण ते कायम त्याच बाजूनं बघत आले होते. प्रेरणानं बटण दाबलं. सहा वाजले होते.

पडद्यावर भोरचं घर आलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. शेजारी सौदामिनी पावटे सोलत बसली होती आणि खुर्चीशी बोलत होती. शिवानीचे पाहुणे गेले, रात्री आमटी करते, पोचलात की एक फोन करायला काय होतं तुम्हाला. त्यांच्या चहाच्या कपावर तिनं बशी झाकून ठेवली होती. बोलताना तिला समोरून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दर वाक्यानंतर ती खुर्चीकडे बघत होती, ऐकलं की नाही ते.

"ही लई बोलती," प्रेरणा म्हणाली.

"व्हय," ठकुबाई म्हणाली. "बाकी मालिका झ्याक हाय. हिच्यापायी कंटाळा येतो."

नारायणरावांनी हात जोडले. ती तशीच आहे, ते म्हणाले, ती अभिनय करत नाही, ती माझी बायको आहे. बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला.

"रडू नगा," ठकुबाई म्हणाली. "तुमालाच आवडत न्हाई."

त्यांनी मोबाईल काढला. नंबर लागला.

पडद्यावर फोन वाजला. सौदामिनीनं पदराला हात पुसले, चष्मा शोधला, नाव वाचलं आणि हसली. फोन कानाला लावून तिनं तोंड उघडलं.

"हिचं नाव कमी करा," ठकुबाई म्हणाली.

पडद्यावर फक्त खुर्ची होती.

कानाशी पुन्हा नुसती रिंग वाजत राहिली.

एका टेम्पोनं ते नसरापूरला आले, तिथून शेवटच्या एसटीनं घरी. दाराला कुलूप होतं. सौदामिनी घरात असायची म्हणून त्यांनी आयुष्यात किल्ली नेली नव्हती. आज किल्ली त्यांच्याच खिशात निघाली. आत खुर्ची एकच होती, मांडणीवर कप एकच.

सकाळी दूधवाल्यानं न विचारता रोजच्या लिटरऐवजी अर्धाच लिटर ओतलं. शिवानीनं कुंपणावरून समारंभ कसा झाला ते विचारलं. विराजचा फोन आला, काका, एकटे राहता, वेळेवर जेवत जा. नारायणराव दिवसभर वाट बघत होते, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही.

दुपारभर ते रडले. तिचं नाव घेऊन, मोठ्यानं, जसं ती असताना कधी घेतलं नव्हतं.

पावणेसहाला त्यांनी तोंड धुतलं, डोळे पुसले, भांग पाडला. चहा केला. सहाला दोन मिनिटं असताना ते खुर्चीत ताठ बसले. टीव्ही त्यांनी लावला नव्हता. पडदा काळा होता.

घड्याळात सहा वाजले. नारायणरावांनी कप ओठाला लावला आणि आवाज न करता एक घोट घेतला.